डावा डोळा

बाईंच्या चित्रकलेच्या वर्गात तो शिरला तेव्हा त्याच्या हातात पाना होता आणि त्याला लिफ्टच्या मशीनरूमची किल्ली हवी होती. पण ते सांगायला त्याला सवडच मिळाली नाही. बाई खिडकीचा पडदा सारखा करत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उशीर केलात. बसा त्या खुर्चीत. मान थोडी वळवा... हं. आता हलायचं नाही."

तो बसला. बाईंचा आवाजच तसा होता. उभी हयात शाळेतल्या मुलांना गप्प बसवण्यात गेली होती त्यांची. त्याला वाटलं, किल्ली शोधायला कुणीतरी गेलं असेल, तोवर बसायला सांगताहेत. समोर अर्धगोलात मांडलेल्या, चित्र टेकवायच्या लाकडी घोड्यांवर कोरे कॅनव्हास होते आणि त्यांच्याआडून माणसं डोकावून त्याच्याकडे बघत होती. अंगात राखाडी डगला, गुडघ्यावर पाना. कुणीतरी कौतुकाने कुजबुजलं की बाईंनी या वेळी मॉडेलच्या पोशाखाचासुद्धा विचार केलेला दिसतोय.

त्या माणसांत ती खिडकीजवळच्या घोड्यामागे होती. तिची जागा अशी, की बाकीच्यांना त्याचा चेहरा बाजूने दिसत होता आणि तिला मात्र थेट समोरून. तिने कोळशाची कांडी उचलली, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच वेळी त्यानेही तिच्याकडे बघितलं. तिने पटकन मान खाली घातली आणि कॅनव्हासवर कान काढायला घेतला. कान तेवढा सुरक्षित वाटला तिला.

बऱ्याच वेळाने जिन्यातून कुणाची तरी हाक ऐकू आली. खरे मॉडेल, म्हणजे एक निवृत्त पोस्टमन आजोबा, दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टमध्ये अडकले होते, आणि त्यांना सोडवणारा माणूस इथे मान वळवून बसला होता. सगळा वर्ग जिन्याकडे धावला. तो जागचा उठला नाही. त्याने आधी बाईंना विचारलं, "आता हललो तर चालेल ना?"

ती इतकी हसली की तिच्या हातातली कांडी मोडली.

आजोबांना काही झालं नव्हतं. आत खाली बसून त्यांनी छान डुलकी काढली होती. एका जागी बसायचा सरावच होता त्यांना. पण त्यांनी त्या लिफ्टमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही असं जाहीर केलं, आणि जिने चढणं त्यांच्या गुडघ्यांना मंजूर नव्हतं. मग बाईंनी लिफ्टवाल्यालाच गळ घातली. रविवारी त्याला सुट्टी असायची. तो जरा विचार करून हो म्हणाला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत माणसांच्या इतक्या जवळ जायची की त्यांचा श्वास गालाला लागावा, आणि दिवसभर त्यांना एकच सांगायची, वर बघा, खाली बघा, आता माझ्या कानाकडे बघा. माणसं निमूटपणे तिच्या कानाकडे बघायची. नंबर तिच्या पक्के लक्षात राहायचे, चेहरे काही केल्या राहायचे नाहीत. वर्षानुवर्षं येणारं गिऱ्हाईक रस्त्यात हसून बोलायला आलं की ती गोंधळून बघत राही, आणि ते पुढे गेल्यावर तिला आठवे, अरे, हे तर उणे साडेतीन! तिची वहिनी यावर पोट धरून हसायची. पण एकदा रस्त्यात तिने सख्ख्या मामीला ओळखलं नाही आणि मामी दुखावली, तेव्हा मात्र ती मनात चरकली. माणसाकडे बघायला आपण शिकलोच नाही की काय, असं तिला वाटलं. म्हणून हा वर्ग.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पांढऱ्या रंगाला लगेच हात लावायचा नाही. कातडीचा असा एक रंग नसतो. डोळे बारीक करून आधी उजेड कुठे आणि सावली कुठे ते बघायचं. नाक, डोळे, ओठ यांची घाई करायची नाही. तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तिने त्याच्या डोक्याचा, गळ्याचा, खांद्याचा नुसता भार मांडला. पुढच्या रविवारी कपाळ आलं, मग गालाचं हाड, मग हनुवटीखालची गार सावली. खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरलेला असायचा आणि ब्रशांची बारीक खसखस सोडली तर आवाज नसायचा.

मधल्या सुट्टीत तो पाय मोकळे करत घोड्यांमागून फिरायचा. कुणाच्या चित्रात तो पैलवान झाला होता, कुणाच्या चित्रात आजारी. तिच्या कॅनव्हासपुढे तो जरा जास्तच थांबायचा.

"माझा गाल हिरवा का आहे?" त्याने एकदा विचारलं.

"खिडकीबाहेर झाड आहे म्हणून."

त्याने वळून झाडाकडे बघितलं. "मग झाड नसतं तर मी गोरा झालो असतो?"

"नाही. समोरच्या भिंतीसारखे पिवळे झाला असता."

"मग झाड राहू दे," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला. तिने हातातला ब्रश धुवायला म्हणून चहाच्या कपात बुडवला, आणि दोन घोट पिईपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नाही.

हळूहळू ती दोघं सुट्टीत खिडकीपाशी उभं राहून बोलू लागली. मॉडेल व्हायला तो हो का म्हणाला, तेही त्याने असंच एकदा सांगितलं. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना अगदी खेटून उभी असतात, पण कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे दाराच्या वरच्या आकड्यांकडे बघतात. आयुष्यभर तो अशाच माणसांबरोबर वर-खाली करत आला होता. इथे पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्याच्याकडे डोळे भरून बघितलं. "सगळ्यांनी म्हणजे..." तो थांबला. "एकीने तर नुसता कानच बघितला म्हणा."

तिचे स्वतःचे कान तापले.

आता डोळेच तेवढे राहिले होते. आणि डोळ्यांचीच अडचण होती. पहिल्या दिवशी, त्या पहिल्या नजरेतच, तिच्या सरावलेल्या डोळ्यांनी टिपलं होतं, की त्याचा डावा डोळा जरासा बाहेर सरकतो. नेहमी नाही. थकला की, किंवा मनापासून हसला की. बाकीच्यांना बाजूने दिसत असल्याने हा प्रश्नच नव्हता. तिच्यापुढे मात्र दोन्ही डोळे होते, आणि तिला वाटलं, हे असं कॅनव्हासवर मांडलं तर त्याला काय वाटेल? त्या रविवारी बराच वेळ ती ब्रश हातात धरून नुसती बसली. मग तिने डावं बुबुळ अगदी मधोमध, उजव्याच्या जोडीने, नीट बसवलं. चेहरा एकदम देखणा झाला. तिला हायसं वाटलं.

सुट्टीत तो आला आणि चित्रापुढे उभा राहिला. आज काही विनोद केला नाही त्याने.

"छान झालंय," तो म्हणाला. "कोण आहे हा?"

तिने ब्रश खाली ठेवला. तो शांतपणेच बोलत होता. त्याने सांगितलं की शाळेच्या फोटोतही फोटोवाल्याने त्याच्यावर अशीच मेहेरबानी केली होती. तो फोटो आईने दर्शनी भिंतीवर लावलाय, आणि पाहुणे विचारतात, हा तुमचा धाकटा का? मग एका मुलीशी लग्नाचं जवळजवळ ठरलं होतं. तिची अट एवढीच होती, की आधी डोळ्याचं तेवढं करून घ्यावं.

"मी दिवसभर बिघाडच दुरुस्त करतो," तो म्हणाला. "बिघाड कुठला आणि घडण कुठली, ते मला कळतं. तुम्हालाही कळत असेल असं वाटलं होतं."

उरलेला वेळ तो ठरल्याप्रमाणे बसला. पण त्याची नजर भिंतीवर होती. पुढच्या रविवारी तो आला नाही. काम निघालंय, असा बाईंना निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारीही काम निघालं.

बाईंनी तिच्या चित्रासमोर उभं राहून चष्मा कपाळावर चढवला. "दया केलीस का गं त्याच्यावर?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या घोड्याकडे वळल्या. तिला बाईंचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्या म्हणाल्या ते खरंच होतं. दुकानात ती माणसाला नीट दिसावं म्हणून काचा लावायची. इथे तिने आपल्याला नीट दिसावं म्हणून माणूसच बदलला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिचा चेहरा बघून वहिनीने खोदून खोदून विचारलं. शेवटी तिने सगळं सांगितलं. वहिनीने गॅसवर दूध ठेवता ठेवता सहज म्हटलं, "दिसतो तरी कसा तो?"

आणि ती सांगायला लागली. उजव्या भुवईत मधेच थोडे केस नाहीत. वरचा ओठ खालच्यापेक्षा पातळ आहे, आणि हसू दाबायचं असलं की तो खालचा ओठ आत घेतो. कपाळावरची एक आठी दुसरीपर्यंत पोचतच नाही. कानाच्या पाळीमागे नेहमी काळ्या वंगणाचा एक ठिपका राहून जातो, तिथे त्याचा हात पोचत नसावा. आणि हसला ना, की डावा डोळा असा हळूच बाहेर जातो, जणू बाकीचा चेहरा इथे बोलत बसलाय आणि तो तेवढा खिडकीशी जाऊन उभा राहिलाय... दूध उतू गेलं. दोघींनाही गॅस बंद करायचं सुचलं नाही.

"तुझ्या भावाचं मला इतकं सांगता येणार नाही गं," वहिनी हळूच म्हणाली. "आणि तुझ्या म्हणे चेहरे लक्षात राहत नाहीत."

तिने गॅस बंद केला. ओट्यावरचं दूध एकदा पुसलं, आणि मग पुन्हा पुसलं.

पुढच्या रविवारी खुर्ची रिकामीच होती. तिने चपट्या सुरीने दोन्ही डोळे खरवडून काढले. वरून धरला असला तरी आतून रंग अजून ओलाच होता, सहज निघून आला. मग रिकाम्या खुर्चीकडे न बघता ती रंगवत गेली. एकदाही अडली नाही. पापणीची जाडी, बुबुळावरचा खिडकीचा उजेड, आणि डावा डोळा, जिथे होता तिथे. बाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. त्यांनी एका इमारतीचा पत्ता सांगितला. काम निघालंय ते खरंच होतं, म्हणाल्या, आज तो तिथे आहे.

ओलं तैलचित्र गुंडाळता येत नाही, काखेत मारता येत नाही. मागच्या लाकडी पट्टीला धरून, रंगाची बाजू बाहेर ठेवून न्यावं लागतं. त्यामुळे भर रस्त्यातून ती निघाली तेव्हा पुढे त्याचा चेहरा आणि मागे ती, अशी वरात होती. लोक आधी चित्राकडे बघत, मग तिच्याकडे, आणि "रंग ओला आहे हो" असं ऐकून अंग चोरून वाट देत. एका बाईने थांबून विचारलं, कोण हो हे? तिने त्यांनाही रंग ओला आहे एवढंच सांगितलं. वाटेत भुरभुर पाऊस आला. ती घाबरून आडोशाला धावली, पण तेलावर पाणी टिकत नव्हतं. थेंब त्याच्या गालावरून घरंगळून खाली पडत होते.

इमारतीची लिफ्ट अर्थातच बंद होती. सहा मजले चढून ती वर पोचली तेव्हा तो लिफ्टच्या उघड्या दारात ओणवा होऊन काहीतरी आवळत होता. पावलं ऐकून त्याने मान वर केली. ती धापा टाकत होती. बोलायला दम नव्हता. तिने नुसतं चित्र त्याच्यासमोर धरलं.

तो उभा राहिला. हात फडक्याला पुसत पुसत बघत राहिला. तिला चित्रामागून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"हा डोळा..." शेवटी तो म्हणाला.

"आधी मी घाबरले होते," ती चित्रामागूनच म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही. नीट बघितलं तर मला काय होईल, त्याला."

"मी तर समोर नव्हतो आज."

"नव्हता."

खालच्या कुठल्यातरी मजल्यावर दार वाजलं.

"ह्यात मी कुणाकडे तरी बघतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता. "कुणाकडे?"

तिने चित्र हळूहळू खाली घेतलं. आता मधे काही नव्हतं. तो थकलेला होता, आणि बहुधा हसूही येत होतं त्याला, कारण त्याचा डावा डोळा हळूच बाहेर निघाला होता.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

त्याने खालचा ओठ आत घेतला. पुढे होऊन चित्राची दुसरी बाजू धरली, रंगाला बोट लागू न देता, आणि दोघांनी मिळून ते भिंतीशी टेकवून ठेवलं. मग दोघंही त्याच्यासमोर उभी राहिली.

"वाळायला किती वेळ लागतो याला?" त्याने विचारलं.

"वरून आठवडाभर. आतून... बाई म्हणतात, वर्ष तरी."

"वर्ष." त्याने गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे वर्षभर मला येऊन बघावं लागेल, वाळलं का."

"आणि वाळल्यावर?"

तो जरा घुटमळला. "वाळल्यावर तुझं चित्र काढायला शिकेन म्हणतो."

इतके रविवार तो तिला 'तुम्ही'च म्हणत आला होता. तिला ते ऐकू आलं, आणि ऐकू आलंय हे त्यालाही दिसलं. ती त्याच्या काळ्या हातांकडे बघत राहिली, मग वर त्याच्या चेहऱ्याकडे, अगदी निवांत, जणू आता कुठेच जायचं नव्हतं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "मी थांबते."