पाकिटावरचे तीन बाण

पवनीच्या बाजारात त्या माणसाने माझ्याकडून पोह्यांचं पाकीट घेतलं, पोहे सगळेच्या सगळे माझ्याच तराजूत ओतले आणि रिकामं पाकीट टरकन फाडलं. मी बघतच राहिले. गिऱ्हाईक पोहे चाखून बघतं. पाकीट फाडून बघणारा हा पहिलाच!

“ओ भाऊ, काय करून राहिले?”

“आतून पाहून राहिलो.” त्याने मान वर केली. डोळे… असो, डोळ्यांचं नंतर सांगते.

त्याने फाटलेल्या कडेचा चंदेरी पापुद्रा नखाने उचकटला. मग पाकिटावरचे तीन हिरवे बाण दाखवले. खाली छापलं होतं, ‘शंभर टक्के रिसायकल होणारे पाकीट.’

“हे कोणी सांगतलं तुम्हाले?”

“छापणाऱ्यानं.”

“अन् तुम्ही मानलं?”

तो अश्विन, प्रदूषण तपासणाऱ्या ऑफिसातला. आता पाकिटावर असा दावा छापायचा तर पुरावा हवा, म्हणाला. पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर ही पाकिटं बाजारात आणायची नाहीत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या कोंढा गावात बचत गटातल्या अकरा बायांचं काम याच पोह्यांवर होतं, आणि आठ हजार पाकिटं छापून पडली होती.

“देईन ना पुरावा!” मी ठसक्यात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तुळसाबाईकडे गेले. आमच्या भागातलं भंगार तीच घेते. बघते तर अश्विन आधीच तिथे बसून चहा पीत होता.

“पुरावा पाहाले आलो,” तो हसला.

तुळसाबाई आम्हाला शेडच्या मागे घेऊन गेली. तिथे कमरेइतका ढीग होता. सगळी माझीच पाकिटं. ‘रुचिता पोहे’, ‘रुचिता पोहे’… माझंच नाव, चिखलात!

“बाटली जाते, पुठ्ठा जाते. हे कोणीच घेत नाही, माय,” ती म्हणाली. “प्लास्टिकले चांदी चिपकली हाय, सुटतच नाही. लोकं तुझे बाण पाहून इमानानं आणून देतात. मी कोणाले परत करू?”

मला रडू कोसळलं. अश्विनने रुमाल पुढे केला. मी घेतला नाही… मग घेतला.

“नोटीस देऊन टाका.”

“नोटीस तं देतोच,” तो हळूच म्हणाला. “पण दावा झाकला तर माल विकता येते. त्याच्यावर कागदाच्या पट्ट्या चिपकवाले… येऊ का मी?”

आला. ऑफिस सुटलं की रोज. मैद्याची खळ शिजवायला बसायचा, गुठळ्या करायचा आणि पट्ट्या हमखास वाकड्या लावायचा.

“साहेब, नजर पाकिटावर ठेवा!” आमच्या गटातली पुष्पाबाई ओरडायची आणि सगळ्या बाया खिदळायच्या.

हां, डोळ्यांचं राहिलंच. आधी ते हसायचे, ओठ मागाहून. मी त्यात पुरती अडकले होते.

नवव्या दिवशी तो आला नाही. दहाव्याही दिवशी नाही. पंधराव्या दिवशी तपासणीला आल्या त्या त्याच्याच ऑफिसातल्या रिता मॅडम.

मॅडमनी पाकिटं उलटसुलट पाहिली, पट्ट्या खरवडून पाहिल्या आणि सही केली. “काम बरोबर आहे. विका माल.”

बायांनी टाळ्या पिटल्या. माझे हात काही उचलेनात.

“अश्विन साहेब… काहून नाही आले?”

“त्यांनी अर्ज देऊन तुमची फाईल सोडली. त्या अर्जाची एक प्रत तुम्हाला द्यायची असते,” मॅडम म्हणाल्या आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी वाचलं. ‘सदर उत्पादक कु. रुचिता यांच्याशी लग्न करण्याची माझी इच्छा आहे. त्यांना अद्याप विचारलेले नाही. त्यामुळे ही तपासणी मी निःपक्षपातीपणे करू शकत नाही. कृपया दुसरा अधिकारी नेमावा.’ खाली सही, तारीख… आणि ऑफिसचा गोल शिक्का!

म्हणजे आख्ख्या ऑफिसाला माहीत, फक्त मलाच नाही!

“काय लिवलं हाय वो?” पुष्पाबाईने मान लांब केली.

मॅडम बघत होत्या तिकडे मी पाहिलं आणि दाराकडे धावले. बाहेर मॅडमच्या जीपमागे तो उभा होता, कानापर्यंत लाल.

“रुचिता, मी… म्हणजे मले…”

“पुरावा तं शिक्क्यासकट भेटला, साहेब,” मी म्हणाले. “आता दावा करा ना!”

त्याने केला. अडखळत, अकरा बायांसमोर. आणि पाकीट फाडलं म्हणून त्याला भर बाजारात हटकणारी मी, हो म्हणाले.