तळाशी बसलेले मासे

डॉ. यामिनी तांडेल यांच्या प्रयोगशाळेतले काही मासे काही केल्या शिकायला तयार नव्हते. वरच्या टाक्यांमधले मासे दिवा लागला रे लागला की सुळकन त्याच्याकडे धाव घ्यायचे. खालच्या टाक्यांमधले मात्र ढिम्म! दिवा लागो नाहीतर विझो, त्यांना जणू त्याचं काही देणंघेणंच नव्हतं.

सातवीतली केतकी मे महिन्याच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला आली, तेव्हा हे कोडं ऐन भरात होतं. यामिनीबाई तिच्या बाबांच्या आत्या, म्हणून केतकीची आत्याआजी. विजेच्या होडीतून धक्क्यावर उतरल्यावर केतकीने पिशवीसुद्धा घरी टाकली नाही, ती थेट प्रयोगशाळेत गेली.

आत एक उंच कपाट होतं आणि त्याच्या प्रत्येक फळीवर काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. टाक्यांत बोटाच्या पेराएवढे, निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे मासे पोहत होते.

"हे झेब्रामासे," आत्याआजी म्हणाली. "आपल्या देशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत सापडतात. दिसायला एवढेसे, पण यांनाही पाठीचा कणा आहे, मेंदू आहे. माणसाच्या दर दहा जनुकांपैकी (शरीर कसं घडायचं याच्या पेशींमधल्या सूचना) साधारण सातांची जोडी यांच्यात सापडते. म्हणून एखादं औषध मेंदूवर काय परिणाम करतं, ते आधी यांच्यात पाहता येतं."

"मग तू दिवसभर यांच्याकडे बघत बसतेस?"

"मी नाही. जलाक्ष बघतो."

"नमस्कार केतकी," कपाटातून आवाज आला. "मी जलाक्ष. या सगळ्या टाक्या मीच सांभाळतो."

केतकी दचकलीच. मग तिला हसू आलं.

जलाक्ष म्हणजे त्या टाक्यांना जोडलेली स्वयंचलित यंत्रणा (माणसाने दर वेळी हात न लावता आपलं काम आपण करणारी). प्रत्येक टाकीवर एक आणि बाजूला एक असे त्याचे कॅमेरे होते. अवरक्त प्रकाशात (लाल रंगापलीकडचा, आपल्याला न दिसणारा प्रकाश) तो माशांची सतत चित्रं घेई आणि कोणता मासा कुठे आहे, किती वेगाने निघाला, कुठे वळला, हे टिपून ठेवी. खाणंही तोच घाली.

"पण हे काम माणूस करू शकत नाही का?" केतकीने विचारलं.

"तू आता टाकीवर वाकलीस तेव्हा माशांनी काय केलं?" आत्याआजीने उलट विचारलं.

"पळाले."

"म्हणजे तू जे पाहिलंस ते माशांचं रोजचं वागणं नव्हतं. तुला घाबरून केलेलं वागणं होतं. शिवाय माणूस दमतो आणि त्याला जे दिसावंसं वाटतं तेच त्याला दिसू लागतं. जलाक्षला मासा शहाणा ठरला काय आणि मठ्ठ ठरला काय, सारखंच."

मग आत्याआजीने तिला परीक्षा दाखवली. टाकीच्या एका टोकाला हिरवा दिवा लागे आणि थोड्या वेळाने त्याच टोकाला खाणं पडे. असं पुन्हा पुन्हा झालं की दिवा आणि खाणं यांचं नातं माशाच्या ध्यानात येई. मग खाणं पडायची वाट न बघता, नुसता दिवा लागताच तो तिकडे जाई. असा मासा शिकला, असं जलाक्ष धरत असे.

"वरच्या टाक्यांतल्या पाण्यात काही मिसळलेलं नाही. खालच्या टाक्यांतल्या पाण्यात नवं औषध आहे," आत्याआजी म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला. "वरचे मासे शिकले, खालचे नाही. म्हणजे औषधाने स्मरणशक्ती मंदावते. उद्याच्या बैठकीत हे औषध बाद करावं लागणार."

"कशावरचं औषध आहे?"

आत्याआजीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अपस्मारावरचं."

केतकीने मान खाली घातली. तिलाच अपस्मार होता (मेंदूतल्या पेशी एकाएकी बेशिस्तपणे संदेश सोडू लागतात आणि झटके येतात, तो आजार). गोळ्यांनी तिचे झटके थांबले होते, पण दिवसभर डोक्यावर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटे.

"या औषधाने झटके थांबतात?"

"झटके येणाऱ्या माशांवर आधी वापरून पाहिलं, तेव्हा अगदी छान थांबले होते. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

केतकी कितीतरी वेळ त्या ढिम्म माशांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आत्याआजी, यांना येत नाही असं कशावरून?"

"म्हणजे?"

"वर्गात बाई प्रश्न विचारतात ना, तेव्हा मला उत्तर येत असतं. पण गोळीमुळे शब्द लवकर सुचत नाहीत. तेवढ्यात सगळे माझ्याकडे वळून बघतात आणि मग मला भीती वाटते. मी बोलतच नाही. बाई म्हणतात, केतकी, अभ्यास केला नाहीस." तिचे डोळे भरून आले. "मी केलेला असतो गं!"

आत्याआजीने तिला जवळ घेतलं. पण डोळे मात्र तिचे टाक्यांवर खिळले होते.

"बरोबर आहे तुझं," ती सावकाश म्हणाली. "मासा दिव्याकडे गेला नाही, एवढंच आपण पाहिलं. तो शिकला नाही, हे आपण आपल्या पदरचं जोडलं. त्याला दिसत नसेल, भूक नसेल, भीती वाटत असेल. जलाक्ष, घाबरलेला झेब्रामासा टाकीत कुठे जातो?"

"तळाशी. आणि तिथेच थांबतो."

"हे औषधाचे मासे कुठे असतात?"

"बहुतेक सगळा वेळ तळाशी. वरच्या टाक्यांतले मासे मात्र सगळीकडे फिरतात."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" केतकी उसळून म्हणाली.

"मला दिव्याबद्दल विचारलं होतं. खोलीबद्दल विचारलं नव्हतं," जलाक्ष शांतपणे म्हणाला.

"त्याचा काय दोष?" आत्याआजी म्हणाली. "प्रश्न विचारायचं काम माझं. पण थांब, हुरळून जाऊ नकोस. ती भीती औषधानेच आली असेल तर? तसं असेल तरीही औषध वाईटच. औषध सोडून या दोन्ही गटांत आणखी काही फरक आहे का, ते आता शोधायला हवं."

पाणी तेच होतं, खाणं तेच, उजेडही तोच. दोघींनी सगळं पडताळून पाहिलं. शेवटी केतकी गुडघे टेकून बसली आणि माशांना नीट बघता यावं म्हणून तिने खालच्या फळीवर हनुवटी टेकवली. लगेच ती ओरडली, "ई! माझे दात झिणझिणतायत!"

आत्याआजीने फळीवर हात ठेवला. तिला काहीच जाणवलं नाही. मग तीही गुडघे टेकून बसली, हनुवटी टेकवली आणि तशीच केतकीकडे बघत राहिली.

"पंप!" ती पुटपुटली. "नवा पंप. आवाज करत नाही म्हणून कौतुकाने आणला आणि नेमका या फळीखाली बसवला."

"पण एवढीशी थरथर माशांना कळते?"

"आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेषा असते (पाण्यातली बारीकशी हालचालही ओळखणारी, अंगावरची संवेदनशील रेषा). मागून मोठा मासा आला, तर पाण्याला जो धक्का बसतो तो तिच्यामुळे समजतो. या बिचाऱ्यांना दिवसरात्र कुणीतरी मागे लागल्यासारखं वाटत असणार. औषधाचं पाणी दुसऱ्या टाक्यांत मिसळू नये म्हणून त्या टाक्या मीच खाली ठेवल्या. गटांत फक्त औषधाचाच फरक असायला हवा होता. मी दोन फरक करून बसले आणि दोष मात्र औषधाला दिला."

"मग आता वरच्या टाक्या खाली आणि खालच्या वर करूया?"

"हेच म्हणणार होते मी," आत्याआजी हसली. बऱ्याच वेळाने हसली.

बैठकीत तिने सरळ सांगून टाकलं, "औषध बाद नाही. माझा प्रयोग बाद." एका गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या, तरी थोडी मुदत मिळाली.

टाक्या बदलल्या. नव्या जागेत, दिवा अजिबात न लावता, माशांना स्थिरावू दिलं. ते दिवस केतकीला फार जड गेले. टाकीवर वाकायचं नाही, काचेवर टिचक्या मारायच्या नाहीत, जलाक्षची चित्रं दिसत त्या पडद्याजवळ नुसतं बसायचं. एका सकाळी जलाक्ष म्हणाला, "औषधाचे मासे आता टाकीभर फिरतायत. दिवा लावू?"

आत्याआजीने केतकीचा हात घट्ट धरला. "लाव. पण खाणं टाकू नकोस."

हिरवा दिवा लागला. पडद्यावर आधी काहीच हललं नाही. मग एक मासा वळला, त्याच्यामागून दुसरा आणि बघता बघता सगळे दिव्याखाली गोळा होऊन तोंडं उघडमीट करू लागले.

"त्यांना माहीत होतं!" केतकी किंचाळली. "आत्याआजी, त्यांना आधीपासून येत होतं!"

खाली आणलेले, औषध नसलेले मासे मात्र आता तळाशी दबून बसले होते. दिवा लागला तरी त्यातला एकही हलला नाही. आत्याआजीने लगेच त्यांच्यासाठी पंप बंद करून हाताने पाणी बदलायला घेतलं. केतकीही बाही सरसावून मदतीला धावली.

पुढच्या आठवड्यात पंप भिंतीपलीकडे गेला. नवे मासे आले. कोणती टाकी कुठे ठेवायची हे या वेळी चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या केतकीने उचलल्या.

परतीच्या दिवशी दोघी धक्क्यावर होडीची वाट बघत बसल्या होत्या.

"म्हणजे आता हे औषध मला मिळणार?"

"लगेच नाही, राणी. आधी हाच प्रयोग पुन्हा. मग उंदीर, मग मोठी माणसं आणि शेवटी मुलं. मध्ये कुठेतरी ते खरंच बादही होऊ शकतं. तुझ्याशी खोटं बोलणार नाही मी. वर्षं लागतील."

"तोवर मी केवढी होईन?"

"कॉलेजही संपलेलं असेल कदाचित."

केतकीने पाय पाण्यात सोडले. लांबून होडी येताना दिसली, तेव्हा ती उठली आणि तिने पिशवी खांद्याला लावली.

"चालेल," ती म्हणाली. "तेव्हाही कुणीतरी सातवीत असेलच ना!"