ओळखगाठ

त्या काळी वस्तू मालक सोडून कुणाचं ऐकत नसत. शेजारणीची इस्त्री मागून आणली तर ती गारच राही. जावई सासऱ्याच्या आरामखुर्चीत टेकला की खुर्ची पाय दुमडून घेई. मिरजेतले निम्मे जावई असे तोंडावर आपटले म्हणतात. प्रत्येक वस्तूत 'ओळखगाठ' असे, म्हणजे मालक कोण हे जाणणारी चिमुकली चिप. चोऱ्या थांबाव्यात म्हणून, असं कंपन्या सांगत. चोर आपले मजेत होते. बंद पडली ती उसनवारी, आणि दुरुस्ती.

दस्तगीर सतारमेकर हे सगळं हसण्यावारी नेई. मग एक दिवस त्याच्या बायकोच्या, जैतूनच्या, कानामागचा संच तापायला लागला.

पक्षाघातात तिच्या मेंदूचा जो भाग गेला, त्याचं काम हा नखाएवढा संगणक करी. बोलणं, माणसं ओळखणं, श्वाससुद्धा त्याच्याच जिवावर. त्याला गार ठेवणारी नळी आता चोंदली होती.

"नळी बदला की, डॉक्टरीणबाई."

"चाचा, नळीलाही ओळखगाठ आहे. दुसरी लावली की संच बंद," डॉ. शर्वरी आवटी म्हणाल्या. "हे मॉडेल कंपनीनं मोडीत काढलंय. नव्याची खोबणी वेगळी."

"मुद्दाम?"

"नाहीतर काय, चुकून?"

तसलाच एक जुना संच मात्र मिळाला. कुमुद दातार नावाच्या बाई वारल्या, त्यांच्या मुलानं तो दान केला होता. पण तो ओळखणार कुमुदबाईंनाच.

"माणूस चालीवरून लांबूनही ओळखू येतो ना?" डॉक्टर समजावू लागल्या. "तशी प्रत्येक मेंदूतल्या विजेला स्वतःची चाल असते. संच ती सतत तपासतो. जरा चुकली तर हलकेच ढकलून मूळ चालीवर आणतो, फारच चुकली तर बंद पडतो. ते ढकलणं मला वाढवता येईल."

"म्हणजे जैतूनला आतून कुमुदबाईंसारखं चालायला लावणार?"

"हो."

"जगेल ना?"

"जगेल."

"मग लावा. उभ्या जन्मात माझ्या तालावर चालली नाही ती, कंपनीच्या काय चालणार!"

संच बसला. कानामागे हिरवा दिवा लागला. जैतून शुद्धीवर आली आणि तिनं कधीच न वापरलेला चष्मा मागितला. मग तूप घालून वरणभात. दस्तगीर कोपऱ्यातून बघत राहिला. संध्याकाळी तिची नजर त्याच्यावर पडली.

"अजी, चहा घेतला का?"

नवऱ्याला मारायची तिची तीच नेहमीची हाक! तो धावतच पलंगाशी गेला. दिवा लाल झाला. जैतूनचा श्वास अडकला.

"चाचा, बाहेर व्हा!" डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर ओढलं. थोड्या वेळानं आत तिचा श्वास पुन्हा सुरू झाला. "तुम्हाला ओळखलं की ती पुरती जैतून होते. नेमकं तेवढंच संच चालवून घेत नाही."

दस्तगीर दारातच उभा राहिला. आतून पुन्हा हाक आली.

"अजी?"

दिवा लाल व्हायला लागला.

"बाई, मी पंखा दुरुस्त करायला आलोय," दस्तगीर म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "हो का? बघा बरं, फार आवाज करतो हो."

पंखा ठणठणीत होता. दस्तगीर स्टुलावर चढला आणि पाती पुसू लागला. दिवा हिरवा झाला.