खालच्याने परत म्हणायचं

फोन बिघडायला मुहूर्त लागत नाही. मास्तरांचा बिघडला तोही असाच, सकाळी कामावर निघायच्या घाईत, एक मोजा पायात आणि एक हातात असताना. साहेबांचा फोन आला, मास्तर हॅलो म्हणाले, आणि पलीकडून काहीच नाही. खरखर नाही, घरघर नाही, भिंतीला कान लावावा तसं. दोनदा हॅलो झालं, तिसऱ्यांदा मास्तर खेकसले आणि फोन ठेवून दिला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. मास्तर हे नाव पडलं ते त्यांच्या एका नियमामुळे. लिफ्टचं काम दोघांचं. एक वर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, दुसरा खाली लिफ्टच्या खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये फोन. वरच्याने सांगायचं, खालच्याने तेच शब्द परत म्हणायचे, आणि मगच लिफ्ट हलवायची. वरचा म्हणाला, ‘वर घेतोय’, की खालच्याने म्हणायचं, ‘वर घे’. नुसतं ‘हं’ म्हटलं तर मास्तर जागच्या जागी सालटी काढत. पण त्यांच्या हाताखाली आजवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं, त्यामुळे लोक ऐकून घेत.

घरीही तोच खाक्या. मुलगी लहान असताना, ‘गॅस बंद कर, कडी लाव, मग जा’ असं सांगितलं की तिने ते शब्दन् शब्द परत म्हणायचं. ती म्हणायचीही, एकेक शब्द तोडून, हसत. बायको गेल्यावर तर बाप-लेकीत बोलणं म्हणून एवढंच उरलं होतं. मग ठमी मोठी झाली. एक दिवस बँकेतली नोकरी सोडून म्हणाली, मी केक करायला शिकणार. मास्तरांचं डोकं फिरलं. ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस,’ म्हणाले. हे मात्र तिने परत म्हटलं नाही. नुसतं पाळलं. दुसऱ्या गावी राहायला गेली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

तर फोन. मास्तरांनी आवाज पूर्ण वाढवून पाहिला. बंद करून चालू केला. ब्लूटूथ का काय ते बंद केलं, कव्हर काढलं, जुन्या टूथब्रशने कानाकडची जाळी घासून लख्ख केली. गाणी वाजत होती. बातम्या ऐकू येत होत्या. गजर तर असा कोकलला की शेजारचा डोकावून गेला. फक्त कॉल आला की दातखीळ. स्पीकरवर टाकला तरी तेच.

“गाणी ऐकवतोस आणि माणूस ऐकवत नाहीस,” मास्तर फोनला म्हणाले, “मी तुझं काय घोडं मारलंय?”

त्या आठवड्यात त्यांचं काम होतं एका दवाखान्यांच्या इमारतीत. प्रत्येक मजल्यावर कुठला ना कुठला डॉक्टर, जिन्यात फिनेलचा वास, आणि लिफ्ट घासत होती. खाली उतरताना कुठेतरी पत्रा पत्र्याला लागल्यासारखा आवाज यायचा, लांबलचक, दातावर दात घासावेत तसा. कुठे घासतेय ते सापडत नव्हतं. वर मशीनरूममध्ये बारक्या होता. बारक्या सहा फूट उंच आणि दारात मावणार नाही इतका रुंद, म्हणून बारक्या. मास्तर खड्ड्यात उतरले आणि नेहमीसारखा त्यांनी फोन लावला. शांतता. फोन बिघडलाय हे घाईत विसरलेच होते. चरफडत ते शिडीकडे वळले, तेवढ्यात डोक्यावरची लिफ्ट हलली आणि सरळ वर गेली.

जिना चढून मास्तर मशीनरूममध्ये पोचले ते धापा टाकतच. खालून उत्तर आलेलं नसताना लिफ्ट हलवलीस कशी, म्हणून त्यांनी बारक्याला फैलावर घेतलं. बारक्या बिचारा गोंधळला. म्हणाला, उत्तर आलं की. मी म्हणालो वर घेतोय, तुम्ही म्हणालात वर घे. अगदी स्पष्ट.

“आणि मग तुम्ही विचारलंत, जेवलास का,” बारक्या म्हणाला. “मला जरा बरंच वाटलं, मास्तर.”

मास्तरांनी बारक्याला इतक्या वर्षांत कधी जेवलास का असं विचारलं नव्हतं. पोरगं चूक लपवायला थापा मारतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. यापुढे फोन नाही, असं बजावलं. खाली पान्याने लिफ्टच्या रुळावर ठोकायचं, वर मोजायचं. त्या दिवशीचं काम असंच ठोकाठोकीत रेटलं आणि घासण्याची जागा काही मिळाली नाही ती नाहीच.

संध्याकाळी घरी फोन वाजला आणि पडद्यावर ठमीचं नाव आलं.

मास्तरांच्या हातातली किल्ली गळून पडली. वर्षभर या नावाची वाट पाहिली होती, हे त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी कळलं. त्यांनी फोन कानाला लावला. काहीच नाही. “ठमे, आवाज येत नाहीये. ठेवू नकोस. थांब. बोल ना!” ते ओरडले, फोन झटकला, तळहातावर आपटला, पुन्हा ओरडले. वर्षाने पोरगी फोन करते आणि नेमका त्याच दिवशी हा डबा मुका होतो, म्हणजे दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यांनी लाल बटण दाबलं आणि फोन गादीवर भिरकावला.

चहा ठेवून परत आले तर पडद्यावर कॉल चालूच होता. मिनिटं पुढे सरकत होती. मास्तरांनी लाल बटण पुन्हा दाबलं. मिनिटं सरकतच राहिली. चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला, तेव्हा कुठे कॉल आपला आपण संपला. लगेच ठमीचा मेसेज आला.

‘बाबा, किती बरं वाटलं. तुम्ही माफी मागाल असं वाटलं नव्हतं. मागायला नको होती. गुरुवारी येते, तुम्ही म्हणालात तशी तुमच्या कामावरच येते.’

मास्तरांनी तो मेसेज कितीदा वाचला कोण जाणे. त्यांनी माफी मागितली नव्हती. मागायचं किती वेळा मनात आलं होतं, पण माफी ओठांपर्यंत यायची आणि तिथेच अडायची. आता खरं कळवायला हवं होतं, की बाई गं, मी काही बोललोच नाही. पण तसं कळवलं तर ती येईल का? मग त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘ये’.

आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणाला आवडत नाही?

त्यानंतर रोज संध्याकाळी ठमीचा फोन यायचा. मास्तर उचलायचे, कानाला लावायचे आणि गप्प बसून राहायचे. मध्ये बोलून बिघडायला नको. कानात तीच भिंत. मिनिटं सरकायची. कधी अर्धा तास, कधी तास. मग तिचा मेसेज यायचा, की आई गेली तेव्हाचं तुम्ही सांगितलंत, मला माहीतच नव्हतं. ते मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. हळूहळू त्यांना आनंदाऐवजी जळफळाट व्हायला लागला. मुलगी माझी, दुःख माझं, आणि तिच्याशी बोलणार भलताच? माझ्याच घरात मी आपला ताटकळत बसलेला.

बुधवारी कामावरून येताना ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून काम करायच्या. त्यांनी फोन उघडला, कानाकडचा स्पीकर बदलला, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिलं. त्या दुसऱ्या फोनवरही मास्तरांना ऐकू येईना. बाई म्हणाल्या, काका, तुमचे कान तपासा. मास्तर उसळले, की तुमचा रेडिओ मला रस्त्यापासून ऐकू येतोय. बाईंनी रेडिओ बंद केला, सिम पुन्हा त्यांच्या फोनमध्ये घातलं आणि स्वतःच्या फोनवरून त्यांना कॉल केला.

मास्तरांनी फोन कानाला लावला. भिंत. ते काही बोलले नाहीत.

बाई मात्र ऐकत होत्या. आधी हसऱ्या चेहऱ्याने, मग हसू मावळलं. त्यांनी मास्तरांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. त्यांनी फोन कानाला आणखी घट्ट दाबला आणि हळूच मागे सरकल्या.

“काय म्हणतोय?” मास्तरांनी विचारलं.

“उद्या मुलगी यायचीय, म्हणतायत.” बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “फोन दुरुस्त करू नका म्हणतायत.”

“कोण म्हणतंय?”

“तुम्हीच, काका.”

बाईंनी कॉल तोडला, फोन त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवला आणि आपले दोन्ही हात पदराला पुसले. पैसे नकोत म्हणाल्या. मास्तर दुकानाबाहेर पडले न पडले तोच मागे शटर ओढल्याचा आवाज आला.

गुरुवारी मास्तर सकाळपासून मशीनरूममध्येच होते. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं ठेवून उभी केलेली, दारात पाटी लावलेली, वरचा मेन स्विच पाडून बंद केलेला. बारक्याला त्यांनी समोर उभं करून बजावलं, मी तुझ्या डोळ्यांसमोर येऊन सांगितल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. बारक्याने ते परत म्हटलं. तरी मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी चुकतंय, आणि आपण ते आठवडाभर चुकू दिलं, हे आता त्यांना खात होतं. दुपारी त्यांनी मनाचा हिय्या करून ठमीला लिहिलं, ‘फोनवर तुझ्याशी बोलतो तो मी नाही. इमारतीत येऊ नकोस. रस्त्यावरच थांब, मी येतो.’

उत्तर लगेच आलं.

‘असा मेसेज येईल, हे बाबांनी सांगितलं होतं. तुम्ही जे कोणी असाल, कृपया त्यांचा फोन त्यांना परत द्या.’

मास्तरांनी कॉल लावला. भिंत. “ठमे, मी बोलतोय, ठमे!” भिंत. मिनिटं सरकू लागली.

म्हणजे तो तिच्याशी आत्ता बोलत होता.

मास्तर जिन्याकडे धावले. दोन मजले उतरले असतील नसतील, वर बारक्याचा फोन वाजला. जिन्याच्या पोकळीतून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“हं मास्तर, बोला.”

मास्तर जागीच थबकले. वर जावं की खाली? ते जीव खाऊन ओरडले, “ऐकू नकोस! बारक्या, तो मी नाही!” आवाज भिंतींवर आदळून विरला. खाली ठमी होती. ते खाली धावले.

कुणीतरी पेशंट कठड्याला चिकटून उभा राहिला. तळमजला आला.

लिफ्टमध्ये ठमी उभी होती. थोडी बारीक झाली होती. एका हातात दोऱ्याने बांधलेला केकचा खोका, दुसऱ्या हाताने फोन कानाला. पाटी तिने नीट बाजूला काढून भिंतीला टेकवून ठेवली होती.

लिफ्टमधला दिवा लागला. वर कुणीतरी मेन स्विच चढवला होता.

“बाहेर ये!” मास्तर ओरडले. “ठमे, अक्कल आहे का तुला? ये आधी बाहेर!”

वर्षभर मनात घोळवलेलं बोलणं सोडून नेमकं हेच तोंडातून निघालं.

ठमीने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती. भीती होती, आणि थोडी कीवही. ती मागे सरकली, पार आरशाला टेकेपर्यंत. मग फोनमध्ये बोलू लागली, लहानपणी बोलायची तशीच, एकेक शब्द तोडून.

“तो येईल. तुमच्यासारखा दिसेल. ओरडेल.” तिने खोका छातीशी धरला. “हो बाबा. आलाय. ओरडतोय.”

मास्तरांनी हात पुढे केला. दार सरकू लागलं होतं.

“दार बंद होतंय,” ठमी परत म्हणत होती. “घाबरायचं नाही. खाली घे.”

दार मिटलं. मास्तरांची नखं पत्र्यावरून घसरली. दारावरचा बाण पेटला. खालचा.

तळमजल्याखाली त्या इमारतीत काही नव्हतं. फक्त खड्डा. मास्तर आठवडाभर त्यात उभे राहिले होते, त्यांच्या डोक्याइतका खोल.

पत्रा पत्र्याला घासल्याचा आवाज सुरू झाला आणि खाली जाऊ लागला. मास्तर दाराला कान लावून तो ऐकत राहिले. आवाज लहान होत गेला, आणखी लहान, पण थांबला नाही.