दोन घोडे, एक प्यादं

सकाळी घरमालक हैबतरावांनी लॅचचं दार मोडलं तेव्हा संगणकावर बुद्धिबळाचा डाव चालूच होता आणि भाडेकरू निरंजन टेबलाखाली पडला होता. कवटी मागून फुटलेली, रक्त भिंतीपर्यंत उडालेलं. जखमांच्या कडा चौकोनी होत्या. हत्यार मात्र खोलीत नव्हतं.

पोलीस माले गावात पोचले तेव्हा हैबतराव प्रेताचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आदल्या संध्याकाळी हेच म्हातारे दार बडवत ओरडत होते, "बाहेर ये, न्हाईतर दार मोडतो!" अख्ख्या आळीने ऐकलं होतं. तेवढ्यावर हवालदाराने त्यांचं तोंड सुजवलं. फौजदार आरोही शिरोळेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हाताऱ्याला जन्मठेपेला पाठवायला आळीची साक्ष पुरेशी होती.

आरोहींनी निरंजनचा भागीदार वेदांतला खोलीवर बोलावलं. दोघांनी मिळून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला होता. कालपासून तो दुसऱ्या प्रोग्रामशी डावामागून डाव खेळत होता आणि प्रत्येक डाव वेळेसकट नोंदला जात होता.

"काल कधी निघालास?"

"दुपारी जेवून. थेट पौडला, मित्राच्या साखरपुड्याला. सगळ्या मांडवाने पाहिलंय."

"निरंजन?"

"धडधाकट होता. सकाळपासून आम्ही दोघंच डाव बघत होतो."

"ही मोकळी वायर कसली?"

"डिस्कची. विटेएवढी जड होती. पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरे उरले, की प्रोग्राम डोकं चालवत नाही. डिस्कवरच्या तक्त्यांत बघतो. तिथे प्रत्येक स्थितीचं उत्तर तयार असतं. चूक होऊच शकत नाही."

"मग ती गेली कुठे?"

"म्हाताऱ्याने डोक्यात घातली आणि फेकली असेल."

"तू असताना जागेवर होती?"

"होती की! दिवा लुकलुकत होता."

आरोही कॉलेजात जिल्ह्याकडून बुद्धिबळ खेळल्या होत्या. त्यांनी पडद्यावर कालचा एक डाव उघडला.

"तू जेवायला बसण्याआधी हा संपलाय. दोन घोडे, समोर एक प्यादं. असले तक्ते इंटरनेटवरही आहेत, मी ही स्थिती तिथे घालून पाहिली. घोडेवाला जिंकतो. तुमचा प्रोग्राम मात्र घोडे नुसते नाचवत बसला आणि डाव बरोबरीत गेला. त्याआधीच्या डावांत सात मोहरे उरल्यावर एकही खेळी तक्त्याबाहेर नाही."

वेदांतची नजर मोकळ्या वायरीकडे गेली.

"म्हणजे डिस्क तेव्हाच उपटलेली होती. डाव चालू असताना निरंजनने ती कुणाला काढू दिली असती? तो खाली मरून पडला होता. आणि खोलीत दोघंच होतात, हे तूच सांगितलंस."

"प्रोग्राम फुकट वाटायला निघाला होता तो! माझी एवढी वर्षं फुकट!" वेदांत किंचाळला आणि खुर्ची उचलून धावला. आरोहींनी वार खांद्यावर झेलला, त्याचा हात पिरगाळला आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. फुटलेल्या ओठांतून तो म्हणाला, "डिस्क पौडला जाताना धरणात टाकली."

ठाण्यात आरोहींनी हैबतरावांची बेडी स्वतः काढली. हवालदाराच्या वतीने माफी मागितली. म्हाताऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"भाकरी खायाला हाका मारीत व्हतो, बाई. खेळापायी उपाशी बसायचा. सांच्यालाच दार मोडलं असतं तर वाचला असता का?"

"नाही, आबा. तो दुपारीच गेला होता."

मार खाताना हूं की चूं न केलेले हैबतराव सुजलेलं तोंड ओंजळीत धरून हमसून हमसून रडले.