माळ्यावर एकशे चौतीस अंश

पत्ता — समोरचं घर

घरांचे माळे उष्णतारोधक करून देणाऱ्या कंपनीची ओडेट मेलान्सों खरं म्हणजे निघाली होती एका म्हातारबांच्या माळ्याची पाहणी करायला. अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या हौमामधली जूनची दुपार, शर्ट पाठीला चिकटलेला. रस्त्यापलीकडे एक उंच, लालबुंद माणूस प्लॅस्टिकची गुंडाळी खांद्यावर घेऊन घरात शिरताना तिला दिसला.

"ओ साहेब! ते कुठे निघालंय?"

"माळ्यावर. अंथरायला. ओल येऊ नये म्हणून."

"उत्तरेकडचे का हो तुम्ही?"

"मिनेसोटा." तो थांबला. "कपाळावर लिहिलंय?"

"खांद्यावर."

तापमान, दुपारी दोन — १३४ फॅरनहाइट (५७ सेल्सिअस)

नाव अर्लिन हॉकनसन. शिपयार्डात वेल्डर. झोपायच्या खोलीवरचं प्लॅस्टिक त्याने पंधरा दिवसांपूर्वीच अंथरलं होतं. ओडेटने वरचा काचलोकरीचा थर उचलला, प्लॅस्टिकवर हात फिरवला आणि ओला तळवा त्याच्यापुढे धरला.

तो वाकून बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"पाणी बघा. हात काय बघताय?"

"छप्पर गळतंय?"

"छप्पर ठणठणीत आहे. तुमच्याकडे घरातली दमट ऊब वर पळते, म्हणून आतून प्लॅस्टिक. इथे दमट हवा बाहेरून येते. खाली एसी, प्लॅस्टिक गार, त्याच्यावर घाम. अजून महिनाभराने छत पलंगावर आलं असतं."

"बाबांनी तीस वर्षं असंच केलं."

"बाबांना नमस्कार सांगा. आणि हे काढा."

काढायचं काम त्याचं. तरी दुसरं टोक धरायला ती थांबली. म्हातारबा तासभर ताटकळले.

पर्याय — दोन

अर्लिनने माळा तपासायला तिच्याच कंपनीला सांगितलं. पाहणीला एका घरी ती एकदाच जाते. इथे चारदा गेली. मापं चुकली, असं ऑफिसात सांगितलं. नऊ वर्षांत तिची मापं चुकली नव्हती.

एक : माळ्याच्या जमिनीवर उष्णता अडवणारा कागदाचा भुगा फुंकायचा, झरोके उघडे ठेवायचे. स्वस्त.

दोन : छपराला आतून फोम मारून अख्खा माळा बंद करायचा. एसीच्या नळ्याही गारव्यात. महाग... खर्च वसूल व्हायला दहा-बारा वर्षं.

"किती वर्षं राहणार इथे?" हे ती सगळ्यांनाच विचारते. या वेळी मापपट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं, त्याच्याकडे न बघता.

"कंत्राट मार्चपर्यंत. मग घर विकून... परत."

शिफारस — भुगा

फोम सुचवला असता तर त्याने ऐकलं असतं. फोमवाला माणूस सहसा घर सोडत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिने 'भुगा' लिहिलं.

"आणि तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. 'तू' पहिल्यांदाच.

"लिहिलंय ना."

"ते कंपनीला वाटतं."

"मी माळे बघते. माणसं बघत नाही."

"चार वेळा आलीस."

"माळा मोठा आहे."

ग्राहकाचा निर्णय — फोम

गुरुवारी तो स्वतःच कागद घेऊन ऑफिसात आला. ओडेटने वाचलं आणि भडकली.

"डोकं फिरलंय का तुझं? मार्चमध्ये जाणाऱ्या माणसाने—"

"जात नाही. काल यार्डात विचारलं, कायमचा ठेवून घ्याल का. हो म्हणाले."

"एका माळ्यासाठी?"

"माळ्यासाठी कोण राहतं?" तो आणखी लाल झाला. "फक्त... काम झालं की तुझं येणं बंद होईल. म्हणून विचारतो. कामाशिवाय येशील?"

ओडेटने पेनाचं टोपण काढलं. लावलं.

"येईन," ती म्हणाली, इतक्या सपाट आवाजात की शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वर केली.

काम — मंगळवार, सकाळी आठ

फोम मारल्यावर चोवीस तास घरात कुणी थांबायचं नसतं. अर्लिन बॅग घेऊन अंगणात उभा होता.

"मोटेल बघतो."

"काही नको. माझ्या आईकडे चल. कोळंबीचा गंबो केलाय, इथलं दाट कालवण. नऊ जण आहेत, सगळे एकदम बोलतात."

"कोण म्हणून येऊ?"

"घर बंद असलेला माणूस म्हणून."

"आणि उद्या? घर उघडल्यावर?"

ओडेटने ट्रकात चढून पलीकडचं दार आतून ढकलून उघडलं.

"चोवीस तासांच्या आत परत जायचं नाही, एवढाच नियम आहे," ती म्हणाली. "नंतर जायलाच पाहिजे... असं कुठे लिहिलेलं नाही."