लवंगेची कुपी

दालन तीनच्या दाराशी माणसाला आधी घाबरवत असत आणि तो नीट घाबरला तरच आत सोडत असत. विद्यापीठाच्या रसायन इमारतीत आता या प्रकाराचं कुणाला हसूही येत नव्हतं. खुर्चीत बसायचं, बोटाला चिमटा लावून घ्यायचा, नाकाशी नळी धरायची. नळीतून एक वास येई. त्या वासानं नाडी किती उसळली, तळहाताला किती घाम फुटला, यावरून यंत्र एक आकडा काढी. त्याला दचकांक म्हणत. तो चाळीसच्या खाली आला, की माणूस कितीही मोठा प्राध्यापक असो, त्यानं मुकाट्यानं माघारी फिरावं.

कारण होतं दालनातला वायू. जुन्या बॅटऱ्या विरघळवताना निघणाऱ्या त्या वायूला ना रंग, ना वास. तो फुफ्फुसात शिरून निवांत आपलं काम करी आणि खोकला येई दुसऱ्या दिवशी. त्याच्यापासून वाचवणारी वस्तू एकच, रेस्पिरेटर. म्हणजे चेहऱ्यावर घट्ट बसणारा रबरी मास्क आणि त्याच्या दोन बाजूंना फिल्टरच्या डब्या. डब्या कधी ना कधी भरतात. पूर्वी त्या भरल्या की लाल दिवा लागायचा, शिट्टी वाजायची. आणि आपले विद्वान काय करायचे? "वाजू दे, एवढं उरकून येतोच." रोज वाजणारी शिट्टी कान ऐकेनासे होतात, रोज येणारा वास नाक ओळखेनासं होतं. डॉक्टरेट मिळाली म्हणून यात फरक पडत नाही.

सुरक्षा विभागाच्या डॉ. फरीदा मुजावर मूळच्या मेंदूच्या अभ्यासक. त्यांनी दाखवून दिलं, की ज्या वासाला मेंदूनं भीतीची किंवा द्वेषाची गाठ मारून ठेवलेली असते, त्याची नाकाला सवय होत नाही. ही गाठ सुटेपर्यंत तो वास दर वेळी नवा असतो. प्रत्येकाचा असा वास हुडकायचा, त्याची कुपी फिल्टरच्या तळाशी बसवायची. फिल्टर भरला की कुपी फुटते आणि माणूस हातातलं काम टाकून बाहेर पळतो. याला त्यांनी गंधखूण असं नाव दिलं. कुणाची गंधखूण जळका दोर होती, कुणाची इस्पितळातलं फिनेल. शलाका धोंगडेची होती लवंग आणि दाढीनंतर लावायचं लोशन. म्हणजे प्राध्यापक भालचंद्र ओगले.

ओगले तिचे मार्गदर्शक होते. तोंडात कायम लवंग. ती संशोधनाला लागली त्या वर्षी तिच्या मापाचा मास्क यायचा होता आणि सरांना निकाल हवे होते. "माझा घाल," ते म्हणाले, "दोन मिनिटांचं तर काम आहे." सरांचा चेहरा रुंद, तिचा निमुळता. आत जाण्याआधी तळव्यांनी डब्या झाकून श्वास ओढावा आणि मास्क गालांना चिकटतो का ते पाहावं, हे तिला पाठ होतं. पण सरांच्या मास्कची सरांच्या देखत परीक्षा घ्यायची कशी? तिनं घेतली नाही. हनुवटीखाली फट राहिली. आत लवंग आणि लोशन एवढं दाटलं होतं, की दुसरं काही शिरत असेल अशी शंकाही तिला आली नाही.

अर्धं उजवं फुफ्फुस गेलं. चौकशीत ओगल्यांनी सांगितलं, "मास्क तिनं मला न विचारता उचलला." तेव्हाही त्यांच्या तोंडात लवंग होती.

शलाका विद्यापीठ सोडून गेली नाही. तो वायू निरुपद्रवी करण्याची रीत तिनं शोधली होती आणि ती दालनात स्वतःच्या हातानं सिद्ध करायची होती. ओगल्यांशी ती बोलत नसे. ते जिन्यावर दिसले की ती परत वर जाई. तिचा दचकांक नव्वदच्या खाली कधी आला नाही. अख्ख्या इमारतीत सर्वांत सुरक्षित माणूस तीच होती.

अखेरच्या प्रयोगाला आठवडा उरला असताना ओगले मुजावरांच्या खोलीत आले.

"मी निवृत्त होतोय. जाण्याआधी तिची माफी मागायची आहे. सगळ्यांसमोर."

"तिचा प्रयोग झाल्यावर मागा."

"का?"

"आठवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, सर. दर वेळी ती उघडते आणि पुन्हा लिहिली जाते. तुम्ही खरं बोललात, तर ती निराळी लिहिली जाईल. मग लवंग ही नुसती लवंग उरेल. फिल्टर भरेल आणि तिला कळणार नाही."

"दुसरी गंधखूण द्या."

"ती काय दुकानात मिळते? हुडकायला वर्ष जातं. तोवर तिच्या जागी तुमचाच कुणी माणूस आत जाईल आणि शोधावर त्याचं नाव लागेल."

"आणि मी तोंड न उघडताच मेलो तर?"

"तर तिच्यासाठी उत्तम," मुजावर म्हणाल्या. त्यांना ओगले कधीच आवडले नव्हते.

ओगल्यांना धीर धरवला नाही. विभागाच्या बैठकीत ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्क मीच दिला होता. मी खोटं बोललो. शलाका, मला क्षमा कर." कुणीतरी खुर्ची सरकवली. शलाका उठून बाहेर गेली. मनात तिनं क्षमा केलेली नव्हती. संताप होता, इतकी वर्षं का लावली याचा.

दुसऱ्या दिवशी नळीतून लवंग आली. दचकांक एकतीस.

"यंत्र बिघडलंय," शलाका म्हणाली.

"यंत्र ठीक आहे," मुजावर म्हणाल्या.

"मी माफ केलेलं नाही, मॅडम."

"तू केलं नसशील. तुझ्या शरीरानं केलंय. फार दिवस वाट पाहत होतं बिचारं."

शलाकाला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. ज्या माणसानं फुफ्फुस घेतलं, त्यानं आता माफी मागून प्रयोगही घेतला होता. ती तडक ओगल्यांच्या खोलीत गेली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"काल बोललात ते मागे घ्या. सगळ्यांसमोर. मास्क मीच चोरला म्हणून सांगा."

"शलाका, काय बोलतेस तू?"

"मला तुमचा द्वेष करता आला पाहिजे. नाहीतर मला आत सोडत नाहीत."

ओगल्यांनी टेबलावरच्या डबीतून लवंग काढली. ती वाट पाहत होती. ते नाही म्हणतील, पुन्हा खोटं बोलणार नाही म्हणून हट्ट धरतील, अशी तिची जवळजवळ खात्री होती.

"बरं," ते म्हणाले.

दुपारी कँटीनमध्ये सगळे जेवत असताना ते उभे राहिले. "कालच्या बैठकीत मी भावनेच्या भरात बोललो. मुलीची दया आली. मास्क तिनंच उचलला होता." आवाज चौकशीत होता तसाच, स्वच्छ. लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर "वाटलंच होतं" म्हणत ताटात आमटी वाढून घेतली. बैठकीला जे हजर होते, त्यांच्यातल्या एकानंही प्रश्न विचारला नाही. ओगले बसले आणि जेवू लागले.

दचकांक सत्त्याण्णव. शलाकानं बोटाचा चिमटा काढला.

"ठरवून केलेला अपमान मेंदूला लागत नाही असं तुम्हीच शिकवता, मॅडम."

"नाहीच लागत. तुला त्यांचं खोटं लागलेलं नाही. तू सांगितलंस ते त्यांचं 'बरं' लागलंय."

शलाकानं विचारलं, "त्यांनी हे माझ्या जिवासाठी केलं, की स्वतःच्या अब्रूसाठी?"

"तुला आत जायचंय ना?"

"हो."

"मग ते शोधायला जाऊ नकोस."

"आणि प्रयोग झाल्यावर?"

"आत जायचं तर चाचणी दर वेळी असते," मुजावर म्हणाल्या.

शलाकानं मास्क चढवला, पट्टे ओढले. तळव्यांनी डब्या झाकून श्वास घेतला. मास्क गालांना चिकटला आणि चिकटूनच राहिला. ती आत गेली आणि दार बंद झालं.

कँटीनमधून उठल्यावर ओगले मुजावरांकडे आले होते. त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मुजावरांनी ऐकून घेतलं नाही. ऐकलं असतं, तर एक ना एक दिवस ते शलाकाला सांगावं लागलं असतं.